लंगोट कोण धुणार, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारं जोडपं, दोघांची नोकरी, चार महिन्यांनी पहिलं बाळ येणार. बाळाच्या होणाऱ्या बाबांनी विचारलंय की डायपर, बाटल्या, कपडे, खेळणी हे सगळं पर्यावरणपूरक कसं करायचं, त्यासाठी काय काय विकत घ्यावं लागेल आणि बाजारात मिळणारे बांबूचे डायपर घ्यावेत का. त्यांच्या आईचा लंगोटांचा आग्रह आहे, पाळणाघरवाल्या डायपरच मागतात, आणि पत्नी म्हणते, हे आपल्याला जमणार नाही.

मी पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये कचरा वर्गीकरणाचं आणि ओल्या कचऱ्यापासून खत करण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. दोन मुलं याच शहरात वाढवली. डायपर घरात येतो तेव्हा काय सोय होते ते मला माहीत आहे, आणि तो घराबाहेर पडल्यावर कुणाच्या हातात जातो तेही रोज दिसतं.

तुमच्या प्रश्नातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते तुमच्या पत्नीचं वाक्य. पर्यावरणासाठी म्हणून घरात जे काही बदलतो त्यात बहुतेक वेळा वस्तू कमी होते आणि काम वाढतं. डायपर फेकला की संपलं, लंगोट धुवावा लागतो. डब्यातली पावडर कालवली की झालं, नाचणीचं सत्त्व करायचं तर भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा, चाळा. हे वाढलेलं काम आपल्या घरांत न बोलता बाईच्या अंगावर येतं. आधी बाळंतिणीच्या, मग आजीच्या, मग धुण्याभांड्याच्या मावशींच्या. ज्या घरांत मोठ्या हौसेनं सुरू केलेले लंगोट महिन्याभरात बंद पडले, तिथे बहुतेक वेळा एकटी आईच धूत होती. जिथे ते दोन-दोन वर्षं चालले, तिथे बाबा किंवा आजोबा रोज सकाळी बादली उचलत होते. मला कुणी विचारलं की या घरात हे टिकेल का, तर मी कापडाचा प्रकार नंतर बघते, धुणारा कोण हे आधी विचारते. तेव्हा खरेदीच्या आधी तुम्ही दोघांनी बसून कामं लिहा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. ज्या कामापुढे नाव नाही, ते तूर्त करू नका.

आता डायपर. लाकडाचा लगदा, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे थर आणि ओल शोषून फुगणारे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे, असा हा सगळा ऐवज एकत्र चिकटवलेला असतो. वेगळा करता येत नाही, म्हणून भंगारात जात नाही, खतातही जात नाही. दिवसाला सहा धरले तरी एका बाळाचे वर्षाला २,१९० होतात, आणि पहिल्या महिन्यांत सहावर भागत नाही. पुण्यात घरोघरी कचरा न्यायला येणाऱ्या बऱ्याच ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. सुका कचरा वेगळा करून विकणं हा त्यांच्या कमाईचा भाग आहे. सुक्याच्या डब्यात एक भरलेला डायपर उघडा टाकला की त्यातला कागद, पुठ्ठा बरबटतो, त्याला भाव येत नाही, आणि तो डायपर कुणाला तरी हातानंच बाजूला काढावा लागतो. हे चित्र मी वर्गीकरणाच्या शेडमध्ये इतक्या वेळा पाहिलंय की मला डायपरची पहिली आठवण बाळाची येत नाही, त्या हातांची येते. याच संस्थेच्या कचरावेचक बायकांनी एकदा वापरलेले पॅड आणि डायपर ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा कचऱ्यासाठी कंपन्यांनी पाकिटाबरोबर पिशवी द्यावी असं आलं.

त्यामुळे तुम्ही दिवसाला एक वापरा की आठ, टाकायची रीत तीच. शी आधी संडासात झटकायची, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्टीनं बंद करायचा, जुन्या वर्तमानपत्रात बांधायचा आणि कागदावर लाल पेनानं मोठा ठिपका काढायचा. ओल्यात नाही, सुक्यातही नाही, वेगळा द्यायचा. ठिपका बघितला की ताईंना ते पुडकं उघडून बघावं लागत नाही. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि त्यापुढे तुमचं नाव लिहायला हरकत नसावी.

बांबूचे डायपर घ्यावेत का? माझं मत, नको. वरचा थर बांबूच्या धाग्याचा असला तरी आत ओल शोषणारे दाणे आणि बाहेरचा जलरोधक थर बहुधा असतोच. शिवाय जे खरंच कुजू शकतं त्यालाही कुजायला योग्य जागा मिळावी लागते. घरोघरचे डायपर वेगळे नेऊन कुजवण्याची सोय मी काम करते त्या भागांत नाही, त्यामुळे तुमचा महागडा डायपर आणि शेजारच्यांचा साधा डायपर एकाच गाडीत बसून एकाच ठिकाणी जातात. तेवढ्या पैशांत लंगोट धुणाऱ्याला काही महिने मोबदला देता येईल.

लंगोट धुवायलाही पाणी, वीज, साबण लागतोच, मग फायदा काय, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये याचा हिशेब मांडला होता. पहिल्या अडीच वर्षांत टाकाऊ डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन, तर कापडी लंगोटांचं तिथल्या सरासरी पद्धतीनं सुमारे ५७० किलो. म्हणजे जवळपास बरोबरी. पण तेच लंगोट मशीन पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर उत्सर्जन जवळपास ४० टक्क्यांनी खाली येत होतं. तिथे खरा भार पाणी तापवण्याचा आणि कपडे यंत्रात वाळवण्याचा होता. आपल्याकडे बाल्कनीची दोरी आणि ऊन फुकट आहे, आणि लंगोट एका बाळाकडून पाचव्या बाळाकडे जातात. कापडाचा फायदा कापडात कमी आणि या सवयींत जास्त आहे. तुम्ही ते रोज कडकडीत गरम पाण्याच्या सायकलवर, चार-चारच्या संख्येनं धुणार असाल तर डायपर सोडल्याचं समाधान तेवढं मिळेल.

एक अपवाद मी नेहमी सांगते. तुमच्या सोसायटीत पाणी टँकरनं येत असेल, तर लंगोटांचा आग्रह उन्हाळ्यापुरता सोडा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. अशा ठिकाणच्या आईला कुणी लंगोटांवरून बोल लावत असेल तर ते मला मान्य नाही.

घ्यायचे ते लंगोट साधे घ्या. बटणांचे, आत जाड पॅड सरकवायचे कापडी डायपर दिसायला सुबक असतात आणि बाहेर जाताना उपयोगी पडतात, म्हणून तीन-चार ठेवा. पण जुलैमध्ये त्यांचे पॅड दोन दिवस वाळत नाहीत, मग कुबट वास येतो, मग बाळाला पुरळ, मग घरातलं कुणीतरी वैतागून डायपरचं मोठं पाकीट आणतं. मलमलचा किंवा जुन्या सुती साडीचा एकपदरी लंगोट पंख्याखाली दोन-चार तासांत वाळतो. तुमच्या आई म्हणतात ते या बाबतीत अगदी खरं आहे. पंचवीस-तीस लंगोट आणि सात-आठ दुपटी असली की रोज एकदाच धुवून भागतं.

धुण्याची रीत सांगते. शी संडासात झटकून लंगोट लगेच गार पाण्यात खंगाळायचा, गरम पाण्यानं डाग बसतो. मग झाकणाच्या बादलीत टाकायचा आणि सकाळी सगळे एकत्र धुवायचे. साबण नेहमीच्या निम्म्याहून कमी. बाळाच्या पुरळाचं कारण बऱ्याचदा कापडात राहिलेला साबण असतो, म्हणून शेवटी दोनदा साध्या पाण्यातून काढायचे. कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, त्याचा थर बसून कापड पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशक रोज ओतायची गरज नाही, ऊन पुरतं. बाळाचं पोट बिघडलं असेल तेव्हाच उकळत्या पाण्यातून काढा. शेवटच्या खंगाळण्याचं पाणी फ्लशला वापरता येतं. पावसाळ्यात शेगडीवर टोपलं उपडं घालून धुरीवर कपडे वाळवायची जुनी पद्धत मात्र आता नको. नवजात बाळाच्या खोलीत धूर चांगला नाही.

हे काम मावशींकडे द्यायचं ठरलं तर त्यांना आधी विचारा, त्याचे वेगळे पैसे ठरवा आणि शी झटकण्याचं काम घरच्यांनीच करा. “तेवढे चार लंगोट पण टाका हो मावशी,” असं रोजच्या कामात सरकवणं बरोबर नाही. आपला पर्यावरणाचा विचार दुसऱ्या बाईच्या न मोजलेल्या श्रमावर उभा असेल तर त्याला मी पर्यावरणपूरक म्हणणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

रात्री एक डायपर घाला. खुशाल घाला. आठाऐवजी एक झाला तर सात वाचले, आणि आई सलग तीन तास झोपली. पाळणाघराचं म्हणाल, तर तिथल्या ताईंना एकटीनं सहा-सात मुलं सांभाळायची असतात, त्यांचा आग्रह समजून घ्या. दिवसाचे लंगोट, ओले टाकायला एक जलरोधक पिशवी आणि अडीअडचणीला दोन डायपर असं रोज भरून दिलंत आणि ओले कपडे तिथे धुवायला लावले नाहीत, तर काही जणी तयार होतात. नाही झाल्या तर तिथे डायपर आणि घरी लंगोट.

ओल्या वाइप्स मात्र घरात आणू नका असं मी स्पष्ट सांगेन. बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, संडासात टाकल्या तर सांडपाण्याचे पाइप तुंबतात, आणि त्यांचं काम पाणी आणि मऊ फडकं जास्त चांगलं करतं. जुन्या धोतराचे हातभर तुकडे कापून स्टीलच्या डब्यात ठेवा. प्रवासात वाइप्स लागल्या तर लागल्या.

दूध-बाटलीबद्दल. आईचं दूध मिळत असेल तर त्याला डबा नाही, गॅस नाही, धुणं नाही. पहिले सहा महिने फक्त तेच द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण यात बाबांचं काम काय? आईला दर वेळी पाणी आणि खाणं हातात देणं, ढेकर काढणं, आलेल्या-गेलेल्यांना सांभाळणं. आणि दूध पुरत नसेल, डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल, तर डब्याच्या पत्र्याची काळजी कुणीही करू नका. बाळाचं वजन वाढणं पहिलं. वरचं दूध वाटी-चमच्यानं किंवा स्टीलच्या बोंडल्यानं देता येतं, ते उकळून स्वच्छ होतं आणि पुढच्या भावंडालाही चालतं. कुणाच्या घरातली जुनी प्लास्टिकची बाटली मात्र घेऊ नका.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडची रीतच इतकी चांगली आहे की नवं काही शिकायला नको. बाळाला पहिलं झबलं जुनं, धुवून मऊ झालेलं, शक्यतो दुसऱ्या बाळाचं उतरलेलं घालायचं. आजीच्या साड्यांची गोधडी, मलमलची कुंची, टोपरं. सहा आठवड्यांत आखूड होणाऱ्या कपड्यांवर पैसे घालवण्यापेक्षा चुलतभावाकडे, मैत्रिणीकडे निरोप पाठवा, लोक पिशव्या भरभरून देतात. फक्त एक गोष्ट आवर्जून बघा. ते कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेले असतील तर तसेच घालू नका. त्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेनं, विशेषतः जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या, लाल रक्तपेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कपडे दोनदा धुवून, वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस उन्हात टाका. तुम्ही स्वतः पुढच्यांसाठी ठेवाल तेव्हा कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवा. पाळणाही मागून आणा. दोन गोष्टी जुन्या नकोत. एक, गाडीतलं बाळाचं आसन, कारण ते आधी अपघातात सापडलंय का हे बघून कळत नाही. दुसरी, रंगाचे पोपडे निघणारी जुनी खेळणी. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही, आणि बाळ सगळं तोंडात घालतं. नवं खेळणं घेतलंत तर आयएसआय खूण बघा, २०२१ पासून ती सक्तीची आहे. सावंतवाडीची लाकडी फळं सुंदर असतात, पण तीही बाळ चघळायचं थांबल्यावर द्या.

समारंभांतून येणाऱ्या वस्तू थोपवणं मला सगळ्यात अवघड वाटतं. बारशाला येणारी प्लास्टिकची खेळणी, पहिल्या वाढदिवसाचे फुगे आणि चकचकीत पडदे, बोरन्हाणाला बोरं-उसाच्या करव्यांच्या जागी आलेल्या वेष्टनातल्या गोळ्या, हळदीकुंकवाच्या वाणात मिळणारे प्लास्टिकचे डबे. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं, त्यामुळे नको म्हणणं जड जातं. बोलावणं करतानाच सांगावं. “आहेर म्हणून लंगोट शिवून आणा” असं आत्याला सांगितलं तर तिला आनंदच होतो. बाकीच्यांना सांगा, चौघांनी मिळून एकच वस्तू द्या. जेवणाला केटररकडून स्टीलची ताटं मागवा आणि धुण्याचे पैसे त्याच्या बिलात आधीच धरा. आतून मेण किंवा प्लास्टिकचा थर असलेले कागदी कप खरकटे झाले की कागदाच्या भावात कुणी घेत नाही, त्यांच्या भरवशावर राहू नका. बोरन्हाणाला बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या, हलव्याचे दागिने, एवढं पोरांना पुरतं. खाली धुतलेली चादर अंथरली की सगळं उचलून खाताही येतं.

सहा महिन्यांनंतरच्या खाण्याचं फार लांबवत नाही. वरण-भात मऊ कालवून, मुगाची खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं. सत्त्व करायला वेळ नसेल तर बचत गटांकडून विकत घ्या, त्यात काही कमीपणा नाही. बाळासाठी दूध वाढलं की दुधाच्या पिशव्या वाढतात. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लटकता ठेवा, नाही तर तो चिमूटभर तुकडा कचऱ्यात हरवतो. पिशवी धुवून, वाळवून द्या. तिला भाव मिळतो आणि तो कचरा नेणाऱ्या ताईंना मिळतो.

विजेचं आणि प्रवासाचं मात्र ऐका, कारण बांबूच्या ब्रशपेक्षा त्याचं वजन फार मोठं आहे. बाळ आलं की पंखा दिवसभर चालतो. साधा पंखा सुमारे ७५ वॉट, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. दिवसाला वीस तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २७ युनिट वाचतात. एसी लावलात तर २६ वर ठेवा आणि जोडीला पंखा. तापमान एका अंशानं वाढवलं की वीज सुमारे सहा टक्के वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. पाळणाघर आणि पुढे शाळा चालत जाण्याच्या अंतरावर निवडली तर वर्षानुवर्षं रोजची गाडीची फेरी वाचते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नावाजलेल्या शाळेचा विचार करताना हेही मनात धरा.

मूल मोठं झाल्यावर त्याला काय शिकवायचं असंही तुम्ही शेवटी विचारलंय. त्याला पृथ्वी संपत चालल्याच्या गोष्टी सांगून घाबरवू नका. दोन-अडीच वर्षांचं मूल केळ्याची साल खताच्या टोपलीत टाकू शकतं, वर मूठभर वाळका पाला घालू शकतं, आणि त्याला ते काम फार आवडतं. चार वर्षांचं मूल कचरा न्यायला आलेल्या ताईंना नावानं हाक मारू शकतं. त्या ताईंशी आपण कसं बोलतो, त्यांना उन्हात पाणी विचारतो का, हे ते बघत असतं. आणि लंगोट, भांडी, केर ही कामं बाबाही करतात हे मुलग्यानं लहानपणापासून पाहिलं, तर पुढे त्याच्या घरात हा प्रश्न विचारावा लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

पहिला सव्वा महिना कसलाच हट्ट धरू नका. सिझेरियन झालं असेल, घरात मदतीला कुणी नसेल, तर सरळ डायपर वापरा आणि लाल ठिपका काढून टाका. आई हिंडू-फिरू लागली, रात्रीचं थोडं बसलं, की दिवसाच्या लंगोटांपासून सुरुवात करा.

विकत काय घ्यायचं, याचं उत्तर फार छोटं आहे. आजींकडच्या साड्या पुरल्या नाहीत तर मलमलचं कापड, झाकणाची एक बादली, एक जलरोधक पिशवी, रात्रीपुरते डायपर, आणि बाल्कनीत एक जास्तीची दोरी नि चिमटे. मलमल पुढच्या महिन्यातच आणा. कोरं कापड पाणी नीट शोषत नाही, ते पाच-सहा वेळा धुवून घ्यावं लागतं. तेवढं तुम्हीच धुवा, म्हणजे बाळ येईपर्यंत हात बसलेला असेल.